बोलकी म्हैस आणि चोवीस पाने: विनोदी चित्रपुस्तक करू पाहणाऱ्या सीमाभागातील नवोदितांसाठी

मराठी माणसाला बोलका प्राणी नवा नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, शेणाचे घर वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या दारात येऊन काय म्हणाला हे घरोघरच्या आज्ज्यांना पाठ आहे आणि पंचतंत्रातले कोल्हे तर राजपुत्रांना राजनीती शिकवण्याइतके बोलके आहेत. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले कोणी चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायला बसले, की पहिल्याच खर्ड्यात एखादा प्राणी बोलू लागतो. अडचण अशी, की तो बहुतेक वेळा मुख्याध्यापकांसारखा बोलतो. तो स्वच्छतेचे महत्त्व सांगतो, झाडे लावायला सांगतो, आणि मुले शहाण्यासारखी गप्प बसून ऐकून घेतात. हसत मात्र नाहीत.

पुढे कामाचा क्रम सांगितला आहे. नमुन्यासाठी बेळगावातल्या एका गल्लीतली चंद्री नावाची काल्पनिक म्हैस शेवटपर्यंत बरोबर घेतली आहे, कारण हवेतले नियम सांगण्यापेक्षा एका म्हशीचे दावे हातात धरून चालणे सोपे जाते.

आधी हट्ट ठरवावा, प्राणी मागाहून

नवखा लेखक प्राण्यापासून सुरुवात करतो: अस्वल घेऊ, शेकरू घेऊ, भीमगडच्या जंगलातला गवा घेऊ. प्राणी कोणताही चालेल, पण त्याला काहीतरी हवे असले पाहिजे आणि ते त्याच्या देहाला मुळीच शोभणारे नसले पाहिजे, कारण चित्रपुस्तकातला विनोद याच विजोडपणातून निघतो. आमच्या चंद्रीचा हट्ट असा आहे. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी मंडळी म्हशींना सजवून, शिंगे रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर पळवतात. चंद्रीला पळायचे नाही. तिला मालकाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे आहे.

हट्ट एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि ते वाक्य ऐकताक्षणी डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले पाहिजे. ‘चंद्रीला मैत्रीचे मोल कळते’ या वाक्याचे चित्र काढता येत नाही. ‘चंद्रीला मोटारसायकलवर मागे बसायचे आहे’ या वाक्याचे चित्र तुमच्या मनात आत्ताच उमटले असेल. या कसोटीला न उतरणारी कल्पना वाईटच असते असे नाही. ती गोष्टीच्या पुस्तकाला चालेल, चित्रपुस्तकाला चालणार नाही.

प्राणी कोणाशी बोलतो, याचा नियम

दुसरे काम लहान आहे, पण ते टाळले तर पुढे गोंधळ होतो. म्हैस बोलते हे गोष्टीतल्या लोकांना आश्चर्याचे वाटते की नाही, हे आधी ठरवून टाकावे. तीन पर्याय नेहमीचे आहेत: ती सगळ्यांशी बोलते आणि कोणालाच त्याचे काही वाटत नाही, ती फक्त मुलांना ऐकू येते, किंवा ती बोलते, पण मोठी माणसे कामाच्या घाईत असल्यामुळे तिच्याकडे लक्ष देत नाहीत. विनोदासाठी माझी पसंती पहिल्या पर्यायाला आहे, कारण आश्चर्य दाखवण्यात दोन-तीन पाने खर्च होतात आणि मुलांना त्याची गरज नसते. एकदा ठरवलेला नियम मधेच मोडू नये. सहाव्या पानावर पोलिसाशी वाद घालणारी म्हैस सोळाव्या पानावर डॉक्टरांपुढे मुकी झाली, तर पाच वर्षांचे मूलसुद्धा ‘असं का?’ म्हणून विचारते आणि गोष्ट तिथेच थांबते.

म्हशीची भाषा

खरी मेहनत इथे आहे, आणि सीमाभागातल्या लेखकाला जे आयते मिळाले आहे तेही इथेच आहे. आपली मुले घरात एक मराठी बोलतात, शाळेच्या पुस्तकात दुसरी वाचतात, आणि गल्लीत, बसमध्ये, बाजारात कन्नड ऐकत वाढतात. दोन भाषांच्या सांध्यावर वाढलेल्या मुलाला शब्द घसरण्याची गंमत लवकर कळते. कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी. मराठीत कोळी जाळे विणतो, नाहीतर जाळे टाकतो. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. आता गोठ्यातले रेडकू भुकेने ‘बाऽ, बाऽ’ करू लागले आणि शेजारची कन्नड बोलणारी अज्जी हातातले काम टाकून ‘बंदे, बंदे’, म्हणजे ‘आले, आले’ म्हणत धावत आली, तर एक अख्खे जोडपान, म्हणजे समोरासमोरची डावी-उजवी पाने, तयार झाले, आणि त्यासाठी लेखकाला काही नवे घडवावे लागले नाही.

चंद्रीच्या गोष्टीचा कणा अशाच एका शब्दावर उभा आहे. कन्नडमध्ये दुधाला ‘हालु’ म्हणतात. गवळी धार काढायला बसतो, चंद्री पाय झाडते, तो ओरडतो, ‘हालू नको!’ चंद्रीचे दूध मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांत जाते, त्यामुळे तिला दोन्ही भाषा येतात, आणि तिच्या कानाला ते ‘दूध नको’ असे ऐकू येते. ती म्हणते, ‘मग नको तर नको की,’ आणि पान्हा चोरते. चरवी रिकामी राहते, गवळ्याचा चेहरा पडतो, आणि मोटारसायकलचा सौदा करण्याची संधी चंद्रीला मिळते.

येथे दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. पहिली अशी, की हा शब्दखेळ पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या मुलाला केवळ शब्दांवरून कळणार नाही, म्हणून चित्राने तो सोडवून द्यावा: चंद्रीच्या डोक्यावरच्या विचाराच्या ढगात दुधाची चरवी आणि तिच्यावर मोठी फुली. तळटीप देऊ नये. विनोदाला तळटीप लागली की त्यातली गंमत संपलीच. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. शब्द घसरतो तेव्हा हसू त्या घसरण्याचे यावे, ती भाषा बोलणाऱ्या माणसाचे येऊ नये. कन्नड बोलणारी अज्जी मूर्ख दाखवली, तर तुम्ही मुलांचे पुस्तक लिहिलेले नाही, मोठ्यांचे भांडण मुलांच्या हातात दिले आहे. आमच्या गोष्टीत रेडकाला दूध शेवटी तीच पाजते आणि सर्वांत शहाणे वाक्यही तिच्याच वाट्याला आले आहे.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि बोलणे बोलीत द्यावे, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. याचा धडा मला खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मिळाला. पहिल्या खर्ड्यात चंद्री गवळ्याला म्हणत होती, ‘मित्रा, तू हे काय करीत आहेस?’ दुसरीच्या वर्गात मी ते अत्यंत गंभीरपणे वाचले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, ‘म्हैस पुण्यासनं आणलाय काय सर?’ त्या दिवशी मुले सर्वांत जास्त हसली ती या वाक्याला, आणि ते माझे नव्हते. घरी आल्यावर मी चंद्रीचे वाक्य ‘अण्णा, काय करूलालास?’ असे करून टाकले. पुढच्या वाचनात पहिल्याच शब्दाला हशा पिकला, कारण म्हैस त्यांच्या गल्लीतली झाली होती.

बोली वापरताना हात आखडता ठेवावा. एका संवादात बोलीचा एक ठसठशीत शब्द पुरतो. सगळीच क्रियापदे बोलीत लिहिली, तर नुकतेच वाचायला शिकलेले मूल अक्षरे लावता लावता थकते. शिवाय एक पालुपद असू द्यावे. ‘मग नको तर नको की’ हे वाक्य आमच्या पुस्तकात चार वेळा येते, आणि तिसऱ्या वेळेपासून मुले ते माझ्याआधी म्हणतात. चौथ्या वेळी मात्र ते चंद्रीच्या तोंडी न घालता गवळ्याच्या तोंडी घातले आहे. मुलांचा अंदाज चुकवायचा असेल तर आधी तो बांधू द्यावा लागतो.

प्राण्यांच्या आवाजांसाठी मराठीत आयते शब्द आहेत, ते वापरावेत. गाय हंबरते, पण म्हैस रेकते. चंद्री हंबरली असे छापून आले, तर गोठा असलेल्या घरातला कोणीतरी पुस्तक मिटून ठेवतो.

चोवीस पानांची डमी

मजकूर पक्का होण्याआधीच कोरे कागद दुमडून पुस्तकाची डमी तयार करावी. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत असतात, म्हणून १६, २० किंवा २४ असे आकडे दिसतात. मोठ्या प्रकाशनांत ३२ पानांचा रिवाज आहे. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या नवोदिताला २४ पाने पुरेशी आहेत. सहा कागद मधोमध दुमडले की २४ पाने होतात, त्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालावेत.

पहिले पान शीर्षकाचे आणि दुसरे प्रकाशनाच्या तपशिलाचे. तिसऱ्या पानावर गोष्ट सुरू होते, ४–५ पासून २२–२३ पर्यंत दहा जोडपाने मिळतात, आणि २४वे पान एकटे उरते. म्हणजे गोष्टीला एकूण बारा थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर तीसेक शब्द धरले, तर सगळा मजकूर साडेतीनशे-चारशे शब्दांत बसतो, आणि याहून फार वाढू देऊ नये. एवढ्याशा मजकुराला काय वेळ लागतो, असे वाटणाऱ्यांनी तो लिहून पाहावा.

डमीचा खरा उपयोग पान उलटण्याच्या क्षणासाठी आहे. उजव्या पानाच्या तळाशी प्रश्न, धोका किंवा अर्धे वाक्य ठेवावे आणि उत्तर पान उलटल्यावर द्यावे. आमच्या पुस्तकात पान ११ वर मजकूर आहे: ‘शेवटी गवळी म्हणाला, बस बाई, बस एकदाची. आणि चंद्री...’ पान उलटले की १२–१३ वर फक्त दोन शब्द आहेत: ‘मागे बसली.’ चित्रात मोटारसायकलचे पुढचे चाक थेट आभाळाकडे गेले आहे, गवळी हँडलला लोंबकळतो आहे, आणि चंद्री शेपटी सावरून समाधानाने बसली आहे. चाक उचलले, गवळी घाबरला, हे काहीही मजकुरात नाही. जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा सांगितले की विनोद निम्म्यावर येतो. म्हणून खर्डा झाल्यावर एकदा लाल पेन्सिल घेऊन, चित्रात दिसणार असलेले प्रत्येक विशेषण निर्दयपणे खोडावे. माझ्या पहिल्या खर्ड्यातले निम्मे शब्द असेच गेले.

हे चित्र १२–१३ वरच का, याचे कारण छापखान्यात आहे. मधोमध पिन मारलेल्या २४ पानी पुस्तकात डावे आणि उजवे पान एकाच कागदावर सलग येते ते फक्त अगदी मधल्या जोडपानावर. बाकीच्या ठिकाणी दोन वेगवेगळे कागद शेजारी येतात आणि चित्र सांध्यावर केसभर सरकू शकते. म्हणून दोन्ही पानांवर पसरणारे सर्वांत मोठे चित्र मध्यावर ठेवावे, आणि इतर जोडपानांवर प्राण्याचा डोळा किंवा तोंड सांध्यावर येणार नाही असे पाहावे.

एकट्या उरलेल्या २४व्या पानावर शेवटची कोपरखळी येते. तिथे बोध लिहिण्याचा मोह अनावर होतो, विशेषतः पुस्तक शाळांनी घ्यावे असे मनात असेल तर. तो आवरावा. आमच्या २४व्या पानावर एकही शब्द नाही; तिथे रेडकू एका सायकलकडे टक लावून पाहते आहे.

चित्रकाराबरोबर काम

स्वतःला चित्रे येत नसतील, तर चित्रकाराला नुसता मजकूर देऊन भागत नाही. त्याला गोठा दाखवावा. आपल्याकडे आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे दिसणाऱ्या पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे जाणारी असतात, तर मुऱ्हा म्हशीची शिंगे कानाजवळ घट्ट गुंडाळलेली असतात. चंद्री पंढरपुरी आहे हे मी आधी सांगितले नाही, म्हणून पहिल्या रेखाटनात मुऱ्हा आली, आणि गल्लीतल्या वळणावर शिंगे अडकून वाहतूक तुंबते हा सबंध प्रसंग चित्रात बसेना. प्राण्याचा एक तक्ता आधी करून घ्यावा: समोरून, बाजूने, पाठमोरा, हसताना, रुसलेला. म्हशीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे बाजूने काढलेल्या चित्रात एकच डोळा दिसतो आणि भाव दाखवण्याचे काम कानांना आणि शेपटीला करावे लागते. तिला माणसाच्या भुवया आणि चष्मा चढवण्याची घाई करू नये.

रंगांविषयी एक सूचना. काळी म्हैस निव्वळ काळ्या रंगात छापली की तिचा एक डाग होतो. निळसर आणि तपकिरी छटा मिसळून अंग रंगवले, तर नाकपुड्या आणि गळ्याच्या वळ्या छपाईतही उठून दिसतात.

चित्रकाराला मोकळीकही द्यावी. आमच्या चित्रकाराने कोणालाही न विचारता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हेल्मेट घातलेला एक कावळा काढला. मजकुरात तो कुठेच नाही. मुले आता आधी कावळा शोधतात आणि मग गोष्ट ऐकतात. मला याचे थोडे वाईट वाटते, पण कावळा काढून टाकण्याची माझी हिंमत नाही.

छापण्यापूर्वी वाचून दाखवावे

डमीवर कच्ची चित्रे आली, की ती निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी मुलांना वाचून दाखवावी, आणि त्यांतले एक ठिकाण शहराबाहेरचे असावे. ‘आवडली का?’ हा प्रश्न विचारू नये. मुले सभ्य असतात आणि ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी मुले कोणत्या पानावर चुळबुळ करतात, कोणत्या पानावर पुढे सरकतात आणि कोणते पान पुन्हा दाखवा म्हणतात, एवढेच डमीच्या कडेला टिपावे.

कागदपत्रे

आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख ठरवणारा १३ अंकी क्रमांक भारतात शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. वेळ लागू शकतो, म्हणून चित्रे चालू असतानाच अर्ज करून टाकावा. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्रांचा हक्क कोणाकडे, दुसऱ्या आवृत्तीला मोबदला किती आणि चित्रे टी-शर्टवर छापता येतील की नाही, हे मात्र चित्रकाराशी पहिल्याच दिवशी कागदावर ठरवावे, मैत्री असेल तर आवर्जून. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः प्रकाशक असाल तर हे टपालखर्चात धरून ठेवावे.

कन्नड आवृत्तीही मनात असेल, तर दोन्ही भाषांचा मजकूर चित्रांपासून वेगळ्या थरावर ठेवण्यास सांगावे. छापण्याचा खर्च झेपणार नसेल, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मंचावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत गोष्ट टाकता येते. तेथील मुक्त परवान्यानुसार इतरांना ती अनुवादित करता येते आणि छापताही येते, हे मान्य असेल तरच तो मार्ग धरावा.

छापखान्यात

पुस्तकाचा आकार चित्रे काढण्यापूर्वी छापखान्याला विचारून ठरवावा, कारण त्यांच्या कागदात न बसणारा आकार निवडला की उरलेली पट्टी रद्दीत जाते आणि पैसे तुमचे जातात. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, आणि हजाराच्या आसपास असतील तर ऑफसेट परवडते. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असलेला फॉन्ट मागून घ्यावा. मजकूर युनिकोडमध्ये लिहिला असेल आणि छापखान्यातला संगणक जुन्या फॉन्टवर चालत असेल, तर रूपांतरात काही जोडाक्षरे मोडतात. ‘धावणाऱ्या म्हशी’मधला ‘ऱ्या’ हमखास दगा देतो. म्हणून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी आणि तरीही प्रुफावर बोट ठेवून प्रत्येक शब्द वाचावा.

चित्र कागदाच्या कडेपर्यंत जात असेल, तर ते कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून काढावे लागते, ज्याला छापखान्यात ब्लीड म्हणतात, आणि महत्त्वाची कोणतीही गोष्ट कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवावी लागते. हे मला तोंडपाठ होते. तरीही एका छापखान्यातून पहिला गठ्ठा आला तेव्हा पान १७ वरच्या चंद्रीचे उजवे शिंग कटिंग मशीनने अर्ध्यावर कापून नेले होते. चूक काही अंशी त्यांची होती, कारण गठ्ठा तिरका लागला होता, आणि बरीचशी माझी, कारण संगणकाच्या पडद्यावर पाहून मी होकार कळवला होता आणि कापलेली, पिन मारलेली नमुनाप्रत मागितलीच नव्हती. तीनशे प्रतींत चंद्री एका पानापुरती ना पंढरपुरी राहिली ना मुऱ्हा. तेव्हापासून नमुनाप्रत हातात घेऊन मी पानागणिक दोन्ही शिंगे मोजतो, आणि मगच सही करतो.

पुस्तक मुलांपर्यंत

दुकानांवर फार विसंबू नये. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात, तेथे ग्रंथविक्रीच्या टेबलाला जागा मागावी आणि भाषणांच्या मधल्या वेळेत मंडपाबाहेर मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. पालक पुस्तक घेतात ते मूल हसताना पाहून. शाळांना विकायला जाताना डमीवरच्या टिपा सोबत न्याव्यात, शिक्षकांना त्यांत रस असतो. टेबलावर एक प्रत उघडी ठेवावी, तिच्यावर ‘ही वाचायची’ असे लिहावे, आणि शिंग कापलेल्या तीनशेंपैकी काही माझ्यासारख्या तुमच्याकडेही उरल्या असतील, तर त्यांतलीच ठेवावी.